टिल्लूच्या जटा, डोळे आणि पुण्याचा उन्हाळा : एका शिह त्झूच्या निगेच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५

पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, शिह त्झू या लहान, चपट्या तोंडाच्या आणि लांब केसांच्या जातीचा टिल्लू नावाचा कुत्रा आजपासून आमच्याकडे पुण्यात राहावयास आला. भाचीला नोकरीनिमित्त जर्मनीला जावे लागले आणि तिच्या सासूबाईंना वयोमानामुळे त्याचे करणे होईना, म्हणून तो आमच्या वाट्याला आला. पिल्लू घरी आणताना काय करावे हे सांगणारे पुष्कळ जण भेटतात. परंतु दुसऱ्या घरच्या सवयी लागलेला आणि निगा सुटलेला मोठा कुत्रा हाती आल्यावर कोठून सुरुवात करावी, याची माहिती शोधूनही फारशी मिळाली नाही. अशा कुत्र्याची जबाबदारी घेणाऱ्यांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठीच या नोंदी ठेवत आहे.

आजची स्थिती अशी आहे. वजन ८.१ किलो भरले. या जातीसाठी साधारण ४ ते ७.२५ किलो योग्य मानतात. कानांमागे, काखांत, मांड्यांच्या आतल्या बाजूस आणि गळ्यातील पट्ट्याखाली केसांच्या जटा झाल्या आहेत. उजव्या कानामागची जट घोंगडीच्या तुकड्यासारखी दाट असून तिच्यात कंगव्याचा एक दातही शिरत नाही. दोन्ही डोळ्यांखाली तांबूस डाग आहेत आणि तोंडाला वास येतो. स्वभावाने मात्र तो घरात शिरल्यापासून परका वाटला नाही. सर्वांचे पाय हुंगून झाल्यावर त्याने आईची खुर्ची निवडली आणि तिच्याखाली बसकण मारली.

११ फेब्रुवारी

पशुवैद्यांकडे नेले. रेबीजच्या लसीची मुदत उलटून गेली होती, त्यामुळे ती लस आणि इतर रोगांची एकत्रित लस दोन्ही दिल्या. महापालिकेच्या परवान्यासाठी रेबीजच्या लसीचे प्रमाणपत्र लागते, म्हणून ते वेगळे मागून घेतले. तपासणीत तीन गोष्टी निघाल्या: दातांवर किटण साचून हिरड्या सुजल्या आहेत, डाव्या मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकते, आणि वजन कमी करणे आवश्यक आहे. वाटी सरकण्याचे लक्षण आम्ही येताना पाहिले होते, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. चालता चालता तो डावा पाय उचलून तीन पायांवर चार-दोन पावले टाकतो आणि लगेच काही झालेच नाही अशा थाटात नीट चालू लागतो. आम्हाला ती लाडीक चाल वाटली होती.

डॉक्टरांनी बजावून सांगितले, की जटा निघेपर्यंत आंघोळ घालू नये. ओल्या जटा वाळताना आवळतात, त्यांच्या आत पाणी राहते आणि खालची कातडी कुजू लागते. तपासणी व लसी मिळून १,९०० रुपये झाले.

१५ फेब्रुवारी

जटा सोडवण्याचा फवारा (६५० रुपये), बारीक तारांचा ब्रश (४५० रुपये) आणि स्टीलचा कंगवा (३५० रुपये) आणून दोन दिवस जटा सोडवण्याचा प्रयत्न केला. फवाऱ्याने वरवरचा गुंता सुटला. खऱ्या जटांवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. तारांचा ब्रश एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरवल्याने काखेतली कातडी लाल झाली आणि दुसऱ्या दिवशी ब्रश हातात घेतलेला दिसताच टिल्लू पलंगाखाली गेला. जेथे कंगव्याचे टोक कातडीपर्यंत पोहोचत नाही, तेथे ती जट सोडवण्याच्या नादी लागू नये. ती कापून काढणे हाच दयेचा मार्ग होय. लांब, जमिनीवर लोळणारे केस हे या जातीचे प्रदर्शनातले रूप आहे. ते नसले म्हणून कुत्र्याचे काही अडत नाही.

१७ फेब्रुवारी

कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेले. १,८०० रुपये घेऊन त्यांनी पाठ आणि पोट कापून दिले, परंतु कान व काखा ‘चावतो’ या सबबीवर तशाच सोडल्या. त्याहून गंभीर बाब अशी, की आंघोळीनंतर त्याला पिंजऱ्यात बसवून त्यावर गरम हवेचे यंत्र लावले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा तो जीभ बाहेर टाकून धापा टाकत होता आणि जिभेचा रंग गडद झाला होता. चपट्या तोंडाच्या कुत्र्याची नाकपुडी अरुंद असते, टाळूचा मऊ भाग तोंडाच्या मानाने लांब असतो आणि धाप टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकण्याची त्याची क्षमता मुळातच कमी असते, त्यामुळे बंद जागेतील गरम हवा त्याला जिवावर बेतू शकते. केस वाळवण्याची पद्धत आधी विचारून घ्यावी आणि पिंजऱ्यातील ड्रायर असेल तर तेथे कुत्रा ठेवू नये. यापुढे सगळे काम घरीच करायचे ठरले.

२२ फेब्रुवारीपासून

४,२०० रुपयांचे केस कापण्याचे यंत्र आणि त्यासोबतचे दहा क्रमांकाचे, म्हणजे केस अगदी आखूड कापणारे पाते वापरून उरलेल्या जटा काढल्या. एका बैठकीत हे काम आटोपण्याची घाई केली नाही. एका दिवशी एक कान, दुसऱ्या दिवशी एक काख, असे करत सगळे काम आठवड्याभरावर नेले. ज्यांना हे करायचे आहे त्यांच्यासाठी तपशील देतो. कातडी एका हाताने सपाट ताणून धरावी आणि पाते कातडीला समांतर ठेवून जटेच्या खालून सरकवावे. काख आणि मांडीच्या खोबणीत कातडीची पातळ घडी जटेबरोबर वर येते, व तीच पात्यात सापडते. कात्रीने तर ती हमखास कापली जाते, म्हणून जटेजवळ कात्री अजिबात नेऊ नये. पाते काही मिनिटांत तापते; ते दर थोड्या वेळाने स्वतःच्या मनगटाला लावून पाहावे आणि चटका जाणवला तर थांबावे.

कानावरची जड जट निघाल्यावर कान एकदम हलका होतो, तेथे रक्ताचा ओघ वाढतो आणि कुत्रा जोराने डोके झाडू लागतो. त्या झाडण्याने कानाच्या पाळीत रक्त साचून फुगवटा येऊ शकतो, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. म्हणून प्रत्येक कान झाल्यावर मऊ सुती पट्टी डोक्याभोवती सैल गुंडाळून काही तास ठेवली. जटांखालची कातडी लालसर, ओलसर आणि वास मारणारी निघाली. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या शाम्पूने आठवड्यातून दोनदा धुतल्यावर ती मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सुधारली.

२ मार्च

आता स्वभावाविषयी लिहितो, कारण निगेचे निम्मे काम त्यावर अवलंबून आहे हे या पंधरवड्यात लक्षात आले. दाराची घंटा वाजली तर टिल्लू एकदाच भुंकतो आणि मग आलेल्याचे स्वागत करण्यास धावतो; दूधवाला, कुरिअरवाला, मीटर पाहणारा, कोणीही त्याला चालतो. ज्यांना राखण हवी आहे त्यांनी या जातीच्या वाटेला जाऊ नये. तिबेटी कुत्र्यांशी नाते सांगणारी ही जात चिनी राजवाड्यात वाढली ती माणसाच्या सोबतीसाठी; शिकार, गुरे किंवा पहारा यांपैकी कोणतेही काम तिच्यावर कधी सोपवलेले नव्हते. त्यामुळे आज्ञा पाळण्यात तिला विशेष गोडी नाही. ‘बस’ हा शब्द टिल्लूला नीट समजतो. बसण्याचे कारण त्याला पटले पाहिजे, एवढेच. आवाज चढवला की तो तोंड फिरवून भिंतीकडे पाहत राहतो आणि मग त्या दिवशी आपले काही चालत नाही.

टेबलावर उभे करून विंचरले की तो अंग ताठ करतो, गुरगुरतो आणि पाय आखडून घेतो. तोच टिल्लू सकाळी गॅलरीच्या दाराशी जमिनीवर मांडी घालून बसले असता आपण होऊन मांडीला टेकतो. म्हणून टेबल बाजूला ठेवले. आता पंजा हातात घ्यायचा, सोडायचा आणि गाजराचा तुकडा द्यायचा. मग ब्रश नुसता अंगाला लावायचा, आणि तो जांभई देऊ लागला किंवा ओठ चाटू लागला की तेथेच थांबायचे. ही दोन्ही चिन्हे कंटाळ्याची नसून अवघडलेपणाची असतात. रोज पाच मिनिटे, एक भाग, आणि केस एकेक थर उचलून मुळापासून टोकापर्यंत. आठवड्यातून एकदा तासभर विंचरण्यापेक्षा हे पुष्कळ चांगले चालले आहे.

९ मार्च

वजनाचा प्रश्न टिल्लूचा कमी आणि घराचा जास्त आहे. डॉक्टरांनी दिवसाला सुमारे ३०० कॅलरींचे माप ठरवून दिले. आमच्या कोरड्या खाद्यात ते ८५ ग्रॅम होते आणि ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून दोन वेळा दिले जाते. आधीच्या घरी दूध-पोळी आणि बिस्किटे चालत. एक पोळी किंवा चार ग्लुकोज बिस्किटे म्हणजे शंभरेक कॅलरी, अर्थात त्याच्या दिवसभराच्या खाण्याचा तिसरा हिस्सा. ‘एवढंसं दिलं तर काय होतंय त्याला?’ या आईच्या प्रश्नावर वाद घालून उपयोग झाला नाही. त्याऐवजी रोजच्या ८५ ग्रॅमपैकी मूठभर खाद्य वेगळ्या डबीत काढून ती आईच्या खुर्चीजवळ ठेवली, आणि जे द्यायचे ते त्यातूनच असे ठरले. देण्याचा आनंद तिला मिळतो आणि माप बिघडत नाही.

२१ मार्चपासून

रंगपंचमीनंतर दोन दिवसांनी टिल्लू उजवा डोळा अर्धवट मिटू लागला, पाणी येऊ लागले आणि तो गालिच्यावर तोंड घासू लागला. घरात डोळ्यांचे उरलेले थेंब होते. ते घालावेत असा विचार आला, पण आधी डॉक्टरांना फोन केला आणि त्यांनी बाटलीवरील औषधाचे नाव वाचून दाखवण्यास सांगितले. त्यात स्टिरॉइड होते. बुबुळावर जखम असताना असे थेंब घातले तर जखम भरण्याऐवजी खोल जाते आणि डोळा गमावण्याची वेळ येऊ शकते. या एका कारणासाठी तरी घरातील किंवा दुकानदाराने दिलेले थेंब कुत्र्याच्या डोळ्यात परस्पर घालू नयेत.

दवाखान्यात त्यांनी डोळ्याला नारिंगी रंगाची कागदी पट्टी टेकवून, धुऊन, निळ्या प्रकाशात पाहिले तेव्हा बुबुळाच्या मधोमध तिळाएवढा हिरवा ठिपका चमकला. तो जखमेचा ठिपका होता. या जातीच्या डोळ्यांच्या खोबणी उथळ असतात, डोळे पुढे आलेले असतात आणि अनेक कुत्र्यांच्या पापण्या झोपेतही पूर्ण मिटत नाहीत. त्यामुळे बुबुळाचा मधला भाग कोरडा पडतो आणि केसाच्या टोकाने किंवा धुळीने सहज खरचटतो. टिल्लूच्या नाकाच्या दांडीवरचे केस वाढून थेट डोळ्यांत शिरत होते. अंगावरच्या जटा काढताना तोंडाजवळ यंत्र नेण्याचे धाडस कोणी केले नव्हते.

दर चार तासांनी प्रतिजैविकाचे थेंब, डोळा घासला जाऊ नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचे नरसाळे आणि रात्रीचा गजर, असा तो आठवडा गेला. नरसाळे दारांच्या चौकटींना अडके, तेव्हा तो पुढे ढकलत न बसता मागे सरून तेथेच बसून राही आणि कोणी तरी येऊन सोडवण्याची वाट पाही. तपासण्या व औषधे मिळून २,७०० रुपये लागले. जखम भरली, पण तिच्या जागी धुक्यासारखा फिकट डाग उरला आहे.

त्यानंतरची रोजची रीत अशी आहे. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने प्रत्येक डोळा नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेरच्या बाजूस पुसायचा आणि दोन डोळ्यांसाठी वेगवेगळा कापूस घ्यायचा. नाकाच्या दांडीवरचे केस बोथट टोकांच्या लहान कात्रीने आखूड ठेवायचे, आणि ते काम दोघांनी करायचे: एकाने हनुवटी धरायची, दुसऱ्याने कापायचे. गळ्यातला पट्टाही काढून टाकला आणि छातीवरून जाणारा हार्नेस घेतला. मानेवर जोराचा ताण आला तर अशा चपट्या तोंडाच्या कुत्र्याचा डोळा खोबणीबाहेर येण्याची भीती असते, हे ऐकल्यावर ८०० रुपयांचा विचार करण्याचे कारण उरले नाही.

२४ एप्रिल

पारा चाळिशीला टेकला आहे. सकाळी सहा आणि रात्री साडेआठनंतरच बाहेर न्यायचे ठरले असताना, काल पाहुण्यांसोबत संध्याकाळी सहाला टिल्लूही खाली गेला. ऊन उतरले होते, परंतु डांबर अजून तापलेले होते आणि त्याचे पोट जमिनीपासून वीतभरच उंच असते. इमारतीला वळसा पूर्ण होण्याआधी त्याच्या श्वासाला घोरण्यासारखा खरखरीत आवाज येऊ लागला आणि तो आडवा झाला.

त्याला उचलून वर आणले, न्हाणीघरात नळाच्या साध्या पाण्याने पोट, काखा आणि पंजे भिजवले आणि पंखा लावला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नये, कारण थोड्याच वेळात तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. पाणी आणि वारा सतत चालू ठेवावा. ताप ३९.९ अंश होता, नेहमीचा ३८.३ ते ३९.२ असतो. तो पाऊण तासात उतरला, म्हणून दवाखान्यात न्यावे लागले नाही. ४१ अंशांच्या घरात गेला असता तर पाणी ओतत ओततच न्यावे लागले असते. आता रस्त्यावर तळहात टेकवून पाहिल्याशिवाय आणि हात तेथे निवांत टिकल्याशिवाय त्याला खाली उतरवायचे नाही, असा नियम दारामागे लिहून लावला आहे.

११ मे

शेजारच्या सत्यनारायणाच्या प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे टिल्लूने खाल्ले. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करू शकतात आणि त्यांचे सुरक्षित प्रमाण ठरलेले नाही, त्यामुळे वाट न पाहता तासाभरात दवाखान्यात नेऊन उलटी करवली. पुढच्या दोन-तीन दिवसांतील रक्ततपासण्या ठीक आल्या. ३,४०० रुपये खर्च झाले. प्रसादाला नाही म्हणणे आपल्याकडे जड जाते. आता तो घेऊन थेट वरच्या फडताळात ठेवला जातो.

१४ जून

दात स्वच्छ करून घेतले. लहान जबड्यात दातांची दाटी असल्याने या जातीत किटण लवकर साचते. हे काम भुलीखालीच करावे लागते आणि चपट्या तोंडाच्या कुत्र्याला भूल देणे हा आमच्या काळजीचा मोठा विषय होता. डॉक्टरांनी आधी रक्त, विशेषतः मूत्रपिंडांची तपासणी, मागितली. आजचे शिह त्झू विसाव्या शतकात जगवलेल्या मोजक्या १४ कुत्र्यांपासून, ७ नर आणि ७ माद्यांपासून, आलेले मानले जातात, आणि मूत्रपिंडांची वाढ जन्मतः अपुरी राहण्याचा दोष या जातीत आढळतो. श्वासनलिकेतील नळी तो पूर्ण शुद्धीवर येऊन मान उचलेपर्यंत काढणार नाही, असे त्यांनी आपणहून सांगितले. हा प्रश्न कोणत्याही दवाखान्यात भूल देण्यापूर्वी विचारावा आणि उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा दवाखाना शोधावा.

चार दात काढावे लागले. सगळा खर्च ११,५०० रुपयांवर गेला, म्हणजे आतापर्यंतची सर्वांत मोठी रक्कम. संध्याकाळपर्यंत तो भात-चिकनचे मऊ खाणे मागू लागला आणि तोंडाचा वास गेला. आता रोज रात्री बोटावर चढवायच्या ब्रशने, कुत्र्यांच्याच पेस्टने दात घासतो. माणसांची पेस्ट गिळली जाते आणि तिच्यातील काही घटक कुत्र्याला अपायकारक असतात.

६ जुलै

यंदा पाऊस मे महिन्यातच आला आणि त्याने निगेचे गणित बदलले. ९०० रुपयांचा छोटा रेनकोट घेतला होता. त्याच्या घर्षणाने दोन्ही काखांत आठवड्याभरात नव्या जटा धरल्या. हार्नेसही घरात अंगावर ठेवला की हेच होते. रेनकोट पडून आहे, आणि आता पोटाचे व पायांचे केस अर्ध्या इंचावर आणून, बाहेरून आल्यावर टॉवेल व गार हवेच्या ड्रायरने वाळवणे हाच उपाय ठरला आहे. बोटांच्या बेचक्या ओल्या राहिल्या तर तो रात्रभर पंजे चाटतो आणि सकाळी ते लाल दिसतात. तळव्यांच्या गाद्यांमधले केसही यंत्राने काढतो, कारण त्यांच्यामुळे फरशीवर पाय घसरतो आणि ताण गुडघ्याच्या वाटीवर येतो. सोफ्यापुढे फोमची पायरी ठेवली आहे. तिच्यावरून तो चढतो, उतरताना मात्र अजून उडीच मारतो. गोचिडांसाठी महिन्याची गोळी सुरू आहे.

७ सप्टेंबर

कालच्या विसर्जन मिरवणुकीची धास्ती जुलैपासून होती, कारण ढोल पथकांचा सराव आमच्या गॅलरीत स्पष्ट ऐकू येतो. आतल्या खोलीत खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून आणि आईची खुर्ची तेथे नेऊन तयारी केली. समोरच्या घरातील धिप्पाड लॅब्रेडॉर दिवसभर पलंगाखाली थरथरत होता. टिल्लू खुर्चीखाली घोरत होता. वजन आज ६.९ किलो भरले. डाव्या पायाची उचल कमी झाली असली तरी थांबलेली नाही, म्हणून दसऱ्यानंतर गुडघ्याचा क्ष-किरण काढून शस्त्रक्रियेची गरज आहे का हे ठरवायचे आहे. तोपर्यंत जिन्यावरून त्याला उचलूनच न्यायचे आणि सोफ्यावरून उतरताना पायरी वापरण्याचा सराव गाजराच्या तुकड्यांवर चालू ठेवायचा.